अकरा जणांनी पास केलेला चेहरा

मी शिल्पकार आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग विचारतात, “म्हणजे गणपती करता?” गणपती मी आयुष्यात एकही केला नाही. विद्यापीठाच्या कला विभागात तीस वर्षं मी मुलांना माणसाचं डोकं मातीत कसं करायचं ते शिकवलं, आणि सुट्ट्यांमध्ये लोकांचे पुतळे केले. गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं, की त्या कोण बाई आहेत त्यांना एकदा भेटून यावं असं मलाच वाटायला लागलं. पण शेवटी विभागप्रमुख म्हणाले, “मॅडमच्या हातून चेहरा कधी चुकला नाही,” आणि हातातला नारळ घेऊन तिथून उठून जावंसं वाटलं.

चुकला आहे. एकदाच चुकला, आणि असा चुकला की आता दुरुस्तही होत नाही. तो पुतळा बिद्रीच्या पुढं आत वळल्यावर एका गावच्या चौकात उभा आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या एका म्हातारीच्या नजरेला मी अजून नजर देऊ शकत नाही, आणि ती मात्र मला दर सणाला आवर्जून फोन करते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या विभागाच्या मागं मातीचा हौद आहे. मुलांनी वर्षभर केलेली डोकी परीक्षा झाली की मोडायची आणि त्याच हौदात भिजत घालायची. पुढच्या वर्षी तीच माती नव्या मुलांच्या हातात. मी शिकत होते तेव्हाही हाच हौद होता, त्यामुळं माझी पहिली वाकडी नाकं अजून त्यातच कुठंतरी आहेत. नवीन मुलं मोडताना रडतात. मी त्यांना म्हणायची, “रडा, पण हात चालू ठेवा.”

डोकं करायचं म्हणजे मधोमध एक माणूस बसतो आणि भोवती मुलं आपापल्या फिरत्या पाटावर माती लावत जातात. आमच्याकडं बसायला शेवंता मावशी यायच्या. नाकात चमकी, कपाळावर मोठं गोंदण, आणि तासन् तास न हलता बसण्याची अशी ताकद की एकदा त्यांच्या नाकावर माशी बसली तर शिंक मुलांनाच आली. मधल्या सुट्टीत मावशी उठून सगळ्या पाटांवरून फेरी मारत. बारा मुलं असली तर बारा वेगळ्या मावशी. एकदा जोतिबाच्या डोंगरावरनं आलेल्या एका पोराच्या पाटापाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, “ही मी न्हवं. ही कोन हाय?” पोरगा म्हणाला, “तुमीच की मावशी.” पुढच्या आठवड्यात त्याची आई त्याला भेटायला आली. त्यांचं डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान. ती दारात उभी राहिली आणि सगळा वर्ग हातातली माती टाकून हसत सुटला. पाटावर तीच होती, गोंदणासकट.

यात त्या पोराचं काही चुकलेलं नव्हतं. पहिला चेहरा घरचाच होतो. डोळ्याला समोरचं जिथं नीट दिसत नाही तिथं हात थांबत नाही, तो आपल्या घरातून आणून भरतो. लहानपणापासून जो चेहरा सर्वात जास्त पाहिलेला असतो, तो हाताला तोंडपाठ असतो. म्हणून मोजमाप. दोन वाकड्या पायांचा तो कॅलिपर मी दरवर्षी पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात द्यायची आणि सांगायची, “हातावर विश्वास ठेवू नका. हात घरभेदी आहे.” तीस वर्षं हेच वाक्य. मुलं माझी नक्कल करायची त्यातही हेच वाक्य असायचं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

पुतळ्याची गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना असतो. एका घरातल्यांनी वडिलांचा खरा चष्मा आणून दिला आणि तो ब्राँझच्या नाकावर कायमचा बसवा म्हणाले. एक गृहस्थ जिवंतपणीच स्वतःचा पुतळा करायला आले. मी म्हटलं, घाई काय आहे? तर म्हणाले, “पोरांवर माझा भरवसा न्हाय, मॅडम. ती माझं नाक बसकं करतील.” या सगळ्यांना मी पुरून उरले. तात्यांचं काम आलं तेव्हा मला वाटलं, हे तर सगळ्यात सोपं.

तात्या म्हणजे त्या गावात दूधसंस्था आणि शाळा उभी करणारा माणूस. अंगानं दांडगा, आवाज असा की नदीच्या अलीकडच्या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या मळ्यातला माणूस उठून उभा राहायचा. मोबाइल येण्याआधीच ते गेले. घरातले फोटो पुराच्या पाण्यात लगदा झाले. उरला होता एकच. संस्थेच्या उद्घाटनाला रांगेत उभे राहिलेले लोक, मागच्या ओळीत तात्या, भर दुपारचं ऊन, आणि फेट्याची सावली कपाळापासून मिशीपर्यंत. मिशी दिसत होती. हनुवटी दिसत होती. डोळे आणि भुवया जिथं असायला हव्यात तिथं काळोख, आणि ओठांवर मिशीची सावली.

मी त्यांच्या मुलाला विचारलं, “वडील दिसायला कसे होते?”

“रुबाबदार.”

“म्हणजे डोळे कसे होते?”

“रुबाबदारच की, मॅडम.”

“आणि ओठ?”

त्या बिचाऱ्यानं स्वतःचे ओठ चाचपले. शेवटी म्हणाला, “आमी त्येंच्या तोंडाकडं बघत न्हवतो. भ्या वाटायचं.”

हे खरं होतं. त्या वेळच्या बापांकडे पोरं मान वर करून बघत नसत. मग मी म्हटलं, “तुमच्या आईंना घेऊन या. मातीचं काम होईल तेव्हा त्यांनी बघायला हवं.” तो हो म्हणाला.

आमच्या धंद्यात माती पास होणं म्हणजे सगळं. माती ओली असेपर्यंत नाक हलवता येतं, गाल चढवता येतो. एकदा गिऱ्हाइकानं मान डोलवली की तिच्यावर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. साचा उघडताना आतली माती खरवडून काढावी लागते, म्हणजे मूळ चेहरा गेला. उरतो तो साचा, आणि त्यातून पुढं मेण आणि ब्राँझ. थोडक्यात, माती पास झाल्यावर मागं फिरता येत नाही.

त्या उन्हाळ्यात विभागाच्या मोठ्या खोलीत मी एकटीच काम करत होते. फेटा केला, मिशी केली, हनुवटी फोटोवरून मोजून घेतली. सावलीतला भाग आला तेव्हा मी तीन दिवस नुसती त्या काळोखाकडे बघत बसले. चौथ्या दिवशी हात आपोआप चालायला लागला. किती छान चालला म्हणून सांगू. डाव्या भुवईला किंचित उचल दिली, खालचा ओठ थोडा आत दाबला, आणि चेहरा जिवंत झाला. असं वर्षानुवर्षांत एखाद्या वेळीच होतं. मी त्या दिवशी घरी जाताना आईसाठी बर्फी घेतली होती, इतकी मी खूश होते.

साचा घ्यायला पाटोळे सर आले. पाटोळे सर म्हणजे आमच्या विभागात साचेकाम शिकवणारे, मला चार वर्षांनी वडील. त्यांनी मातीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “चेहरा ओळखीचा वाटतोय गं.”

मी म्हटलं, “सर, पुतळ्यातले सगळे पुढारी ओळखीचेच वाटतात.”

ते साच्यासाठी मापं घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. दोन जीपमधून अकरा माणसं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. अध्यक्ष पुढं झाले, मातीकडं टक लावून पाहिलं आणि म्हणाले, “नजर बगा. दूरदृष्टी म्हंत्यात ती ही.” बाकीच्या दहांनी माना डोलावल्या. एकानं डोळे पुसले. मी विचारलं, “तात्यांच्या घरच्या आल्या नाहीत?” मुलगा म्हणाला, “आईचं गुडघं दुखत्यात. जिना चढवत न्हाय.” माझ्या मनात आलं, आपण पाट खाली अंगणात नेऊ, नाहीतर एक दिवस त्यांच्याकडं जाऊन फोटो तरी दाखवू. पण सुट्टी संपत आली होती, माती तडकायला लागली होती, आणि अकरा माणसांनी मान डोलावली होती. मी पाटोळे सरांना म्हटलं, “ओता.”

त्या एका शब्दाचा हिशोब मी अजून देते आहे.

अनावरणाला मी आईला बरोबर नेलं. माझं कुठलंही काम तिनं कधी पाहिलं नव्हतं. “बघायचं काय त्यात, माणसासारखा माणूस,” असं म्हणायची. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आप्पा पेठेतल्या एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बाटल्या भरल्या. बाटलीला कागदाची खुणांची पट्टी चिकटवायची, औषध ओतायचं आणि बाटली डोळ्यांसमोर धरून बघायचं. त्यांचं जाणं-येणं कुणाच्या लक्षात यायचं नाही. फक्त आईच्या यायचं. ते दवाखान्यातून आले की उंबऱ्याबाहेर चप्पल वाजायची आणि आई हातातलं काम ठेवून पदर डोक्यावर घ्यायची. सासू होती तोवर धाकानं, सासू गेल्यावर सवयीनं.

चौकात मांडव, हलगी, जेसीबीच्या खोऱ्यात फुलं. पाहुणे येईपर्यंत दोन तास गेले. बायकांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर तात्यांच्या घरच्या बसल्या होत्या. गावात त्यांना हौसाक्का म्हणतात. काळीसावळी, ताठ, पायाला गुडघ्याचे पट्टे बांधलेली बाई. त्यांच्याशेजारी माझी आई, आणि आईच्या मागं मी. मंत्र्यांनी दोरी ओढली. कापड खाली आलं. जेसीबीनं फुलं टाकली.

आणि आई उठून उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवायला गेले आणि समोर बघितलं. उघड्यावर, उन्हात, चौथऱ्यावर आणि खालून. खोलीत मी तो चेहरा रोज डोळ्यांच्या पातळीवर पाहिला होता. खालून मी फक्त एकाच माणसाला पाहिलं होतं. लहानपणी दवाखान्याच्या पायरीवर बसून. डावी भुवई वर, खालचा ओठ आत दाबलेला, औषध खुणेपर्यंत आलं की नाही ते बघणारा. फेटा तात्यांचा, मिशी तात्यांची. आणि फेटा-मिशीच्या आड माझे आप्पा.

मी खुर्चीची पाठ धरली. हलगी वाजत होती आणि मला एकही आवाज ऐकू येत नव्हता. फक्त पुढच्या दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं.

हौसाक्कांनी आईला विचारलं, “वळखता व्हय तुमी ह्येंना?”

आई म्हणाली, “माझे मालक आहेत.”

हौसाक्कांनी पुतळ्याकडं बघितलं. मग आईकडं. मग मान वळवून माझ्याकडं. मला वाटलं, आता ही बाई ओरडणार. तिनं ओरडायलाच हवं होतं. त्या फक्त आईला म्हणाल्या, “बसा. फोटू काढाय लागल्यात.”

थोड्या वेळानं हौसाक्कांना हार घालायला वर बोलावलं. गावातल्या दोघींनी हात धरून त्यांना चौथऱ्यावर चढवलं. त्यांनी हार हातात घेतला, पुतळ्याला नमस्कार केला आणि हार नातवाच्या हातात देऊन खाली उतरल्या. निवेदक माइकवरून म्हणाला, “आक्कांना भावना अनावर झाल्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी विभागात येऊन मी पाटोळे सरांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, मला वाटलं तुला माहितीय. पोट दुखलं की मी तुझ्या आप्पांकडूनच औषध न्यायचो ना. मला वाटलं, मुद्दामच केलंयस. वडिलांची आठवण म्हणून.” मी म्हटलं, “सर, लोकांच्या चौकात?” ते म्हणाले, “म्हणून तर काही बोललो नाही.” मी फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिले. अर्धा चेहरा आप्पांचाच. रोज केस विंचरताना बघत होते, तरी ओळखला नव्हता.

दोन दिवसांनी मी अध्यक्षांकडं गेले. म्हटलं, माझ्या हातून चूक झाली आहे, डोकं बदलून देते, पदरचे पैसे घालून करते. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “मॅडम, माती पास केली तवा आमी अकरा जण हुतो का न्हवतो?”

“होता.”

“अकरांनी वळखलं का न्हाय?”

“ओळखलं.”

“मग आता तुमी म्हंताय ते तात्या न्हवंत. म्हंजे आमी अकरा आंधळं?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, लोकांनी पाया पडल्यात आता. पाया पडल्याली मूर्ती कोन उतरवतंय? तुमी कुनाला बोलू नगासा.”

मला धक्का बसला तो हा, की त्यांना ठाऊक होतं. अकरांपैकी निदान त्यांना तरी. दूरदृष्टीबद्दल बोलले तेव्हाच ठाऊक असणार. तात्यांबरोबर ते वीस वर्षं राहिले होते. पण गावात पुतळा हवा होता, तारीख ठरली होती, आणि समोर फेटा-मिशीचा एक माणूस उभा होता. तेवढं त्यांना पुरलं.

तिथून मी हौसाक्कांकडं गेले. त्या घरामागच्या परड्यात कडबा लावत होत्या. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवून कट्ट्यावर बसवलं.

म्हणाल्या, “तुजा बाप चांगला मानूस दिसतोय गं.”

मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, “रडू नगं. चौकातलं चौकात ऱ्हाऊ दे. आमचं मालक माज्या डोळ्यांत हाईत. रोज सकाळी उठलं की पैल्यांदा त्येच दिसत्यात. तवर काय भ्या न्हाय.”

मी म्हटलं, “आक्का, मी माती घेऊन इथं येते. तुम्ही सांगायचं, मी करायचं. लहानसं डोकं. तुमच्या घरात ठेवायला.”

“ये की,” त्या म्हणाल्या. “पर लवकर ये.”

त्या शेवटच्या दोन शब्दांकडं मी लक्ष द्यायला हवं होतं. आता कारणं सांगते, तुम्हाला पटली तर बघा. त्या वर्षी विभागाची तपासणी आली. पुढच्या वर्षी माझ्याकडं परीक्षांचं काम आलं. मग पूर, मग टाळेबंदी. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. खरं कारण घरात होतं. आई दरवर्षी आप्पांच्या तिथीला एसटीनं त्या गावाला जायला लागली. चौकातल्या चहाच्या दुकानासमोर पुतळ्याकडं तोंड करून बाकड्यावर दोन तास बसायची, डबा खायची, परत यायची. चहावाला तिला ओळखायला लागला. मला म्हणाली, “हात लावू नकोस त्याला. त्यांना आयुष्यात कुणी हार घातला नव्हता.” मग दुसरं डोकं करायला माझा हात उचलेना. दुसरं झालं की पहिलं खोटं ठरणार होतं. सहा वर्षं मी त्या म्हातारीला आज येते, उद्या येते करत राहिले.

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात मी निघाले. हौदातली चांगली मळलेली माती पिशवीत घेतली, लहान फिरता पाट घेतला. कॅलिपर मुद्दाम घेतला नाही, मोजायला काहीच नव्हतं. फाट्यावर उतरले तर समोर शाळेच्या वर्धापनदिनाचा भलामोठा डिजिटल बोर्ड. त्यावर तात्यांचा फोटो. फेटा, मिशी, वर उचललेली डावी भुवई. पुतळ्याचा फोटो काढून कुणीतरी त्यात कॉम्प्युटरवर रंग भरले होते. गालाला गुलाबी रंग दिला होता. आप्पांचे गाल कधी गुलाबी नव्हते.

पुढं दूधसंस्थेच्या पाटीवर तेच. दोन मुली शाळेतून येत होत्या, त्यांच्या वहीवर तेच. हौसाक्कांच्या घरात पुढच्या सोप्याच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला मोठा फोटो, तोही तोच. नातवाचं मूल रांगत होतं. कुणीतरी त्याला विचारलं, “पणजोबा कुठं हाईत?” त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. मी मनाशी म्हटलं, असू दे. म्हातारीच्या डोळ्यांत आहेत ते खरे. ते आज उतरवून घेऊ.

हौसाक्का खूप थकल्या होत्या. पण माझं येणं त्यांना आवडलं. त्यांनी परड्यातल्या उजेडात पाट मांडायला सांगितला. पदर कमरेला खोचून समोर बसल्या. मी मातीचा गोळा लावला. नुसता गोळा, भुवई नाही, ओठ नाही. मनाशी शपथ घेतली होती, की या वेळी माझ्या हातानं एक रेघ ओढायची नाही. त्या सांगतील तेवढंच.

“कपाळ?” मी विचारलं.

“रुंद. आनी रुंद कर. हां.”

“नाक?”

“सरळ. जरा फुडं.”

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “तुला जमंना. सरक.” आणि स्वतःच माती हातात घेतली. साठ वर्षं भाकरी थापलेले हात ते. त्यांना माती शिकवावी लागली नाही. मी हात मांडीवर ठेवून बसले. त्यांनी गाल दाबले, डोळ्यांच्या खाचा केल्या, अंगठ्यानं ओठ सारखे केले. मध्येच डोळे मिटत होत्या, पुन्हा उघडून माती लावत होत्या. माझ्या वर्गात तीस वर्षांत एवढ्या एकाग्रपणे कुणी बसलं नव्हतं. मी कॅलिपरची मास्तरीण, त्या दिवशी मला वाटलं, हातावर विश्वास ठेवू नका असं उगाच शिकवलं मी पोरांना.

दोन तासांनी त्या मागं सरकल्या. हात परातीत धुतले.

म्हणाल्या, “आलं. आता आलं बग.”

पाट माझ्याकडं पाठ करून होता. मी तो उजेडाकडं फिरवला.

कच्चं काम होतं, कान वरखाली, नाक जाड. पण डावी भुवई वर गेली होती. खालचा ओठ आत दाबलेला होता. बाटली खुणेपर्यंत भरली की नाही ते माझे आप्पा बघत होते.

मी पाट पुन्हा त्यांच्याकडं फिरवला. विचारलं, “आक्का, हेच का? नीट बघा. असेच होते का?”

“ह्येच की,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्सं संसार केला. म्या न्हाय वळखायची तर कोन?”

आणि त्यांनी कमरेचा पदर सोडला आणि डोक्यावर ओढून घेतला.